पाळणा लांबवायचा, पण वर्षभरच

लग्नाला दोन वर्षे झाली आहेत, दोन्ही घरांतून ‘गोड बातमी कधी?’ अशी विचारणा सुरू झाली आहे आणि नवरा-बायकोने आपसांत ठरवले आहे की पुढच्या वर्षी चान्स घ्यायचा. मधले आठ-दहा महिने कसे काढायचे, हा प्रश्न मात्र उरतो. एवढ्या थोड्या काळासाठी तांबी बसवून घ्यायला मन धजत नाही, गोळ्यांबद्दल मैत्रिणींनी काहीबाही सांगितलेले असते, निरोधचा कंटाळा आलेला असतो. अशा वेळी अनेक जोडपी ‘नैसर्गिक’ मार्गाकडे वळतात. हा मार्ग म्हणजे बहुतेकांच्या लेखी एवढेच: पाळीच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा मोकळा, मधले दिवस जपायचे, कॅलेंडरवर खुणा केल्या की झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के स्त्रिया पारंपरिक पद्धतींवर विसंबून असल्याचे दिसले, आणि दिवस पाळणे ही त्यांतली एक मुख्य पद्धत. माझे म्हणणे असे आहे की कॅलेंडरवरची ही मोजणी सोडून द्यावी, तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखे फारसे काही नाही. पण स्वतःच्या शरीरातल्या खुणा रोज पाहून, लिहून, त्यांवरून फलनक्षम दिवस ओळखण्याची जी पद्धत आहे ती वेगळी आहे. आणि तिची योग्य जागा आयुष्यातल्या याच थोड्या काळात आहे, जेव्हा मूल हवे आहे, फक्त आज नको आहे. यापुढे दोन-तीन अटीही येतात. त्या पाळता येत नसतील तर दुसरे साधन घ्यावे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. बीजकोशातून सुटलेले स्त्रीबीज फार तर एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र अनुकूल स्राव असेल तर स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून दिवस राहण्याची शक्यता महिन्यातले जेमतेम सहा दिवस असते: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ अ‍ॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून हे दाखवून दिले. बीज सुटण्याच्या पाच दिवस आधी संबंध आला तर गर्भधारणेची शक्यता दहात एक, आणि बीज सुटते त्या दिवशी सुमारे तीनात एक, असे त्यांना आढळले. बीज सुटून गेल्यानंतरच्या दिवशी आलेल्या संबंधातून एकही गर्भधारणा झाली नाही. सहा दिवसच जपायचे असतील तर काम सोपे वाटते. अडचण ही की हे सहा दिवस कोणते, हे ते सुरू होण्याआधी कळायला हवे. शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे ‘चौदावा दिवस’ असा पाठ दिलेला असतो, आणि तो २८ दिवसांच्या चक्राला धरून आहे. २०१९ मध्ये एका अ‍ॅपवरच्या सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेमके २८ दिवसांचे चक्र अवघे १३ टक्के निघाले. विल्कॉक्स यांच्याच २००० सालच्या दुसऱ्या शोधनिबंधानुसार चक्राच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत सगळे सहाही दिवस बसणाऱ्या स्त्रिया जेमतेम ३० टक्के होत्या. उरलेल्यांच्या बाबतीत धोका एक तर लवकर सुरू होत होता किंवा उशिरापर्यंत चालत होता. पाळी संपल्याबरोबरचा आठवडा बिनधास्त मानणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे.

मोजणीला शास्त्राचा आधार मिळाला तो जपानी डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांच्याकडून. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी सुटते, हे त्यांनी १९२४ मध्ये मांडले. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस थोड्या वर्षांनी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. शोध खरा होता, आजही खरा आहे. पण तो पुढच्या पाळीपासून मागे मोजायला सांगतो, आणि पुढची पाळी कधी येणार हे आज कुणाला ठाऊक असते? मागे वळून पाहताना अचूक ठरणारा हिशेब पुढचे पाऊल टाकताना अंदाज होऊन बसतो. तरी ही पद्धत जगभर पसरली, कारण ती धर्माला चालणारी होती आणि फुकट होती. आपल्याकडेही तिला थोरामोठ्यांचा आधार मिळाला. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या. संततिनियमनाच्या सगळ्या कृत्रिम साधनांना गांधीजींनी नकार दिला, आणि त्यातल्या त्यात सहन करता येईल असे काही असेल तर ते सुरक्षित काळ पाळणे, एवढी सवलत दिली. त्याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवत होते आणि ‘समाजस्वास्थ्य’मधून साधनांचा उघड पुरस्कार करत होते. देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने पहिल्यांदा हात घातला तो मात्र गांधीजींना सोसवणाऱ्या पद्धतीलाच. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचा कल तिकडे होता. जागतिक आरोग्य संघटनेने पाठवलेले अमेरिकी डॉक्टर एब्रहॅम स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम् इथे प्रयोग झाले. बायकांना वेगवेगळ्या रंगांच्या मण्यांची माळ दिली गेली: पाळीच्या दिवसांचा एक रंग, मोकळ्या दिवसांचा दुसरा, जपण्याच्या दिवसांचा तिसरा. रोज एक मणी सरकवायचा. शिकायची तयारी पुष्कळ जणींनी दाखवली, शेवटपर्यंत नेटाने वापरणाऱ्या थोड्याच निघाल्या. या अपयशाचे खापर बायकांच्या अडाणीपणावर फोडले गेले, ते मला साफ अन्यायाचे वाटते. मणी मोजायला त्या चुकल्या असतील, पण अचूक मोजूनही ती माळ त्यांच्या शरीराला ओळखत नव्हती, आणि रात्री निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

पन्नास वर्षांनी माळ परत आली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो चक्रांच्या नोंदींवरून एक साधा नियम काढला: जिचे चक्र दर वेळी २६ ते ३२ दिवसांत बसते तिने आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत जपायचे. झारखंडसारख्या राज्यांत ही माळ ‘मालाचक्र’ नावाने वापरली गेली. बारा दिवस जपायचे म्हणजे सहा दिवसांसाठी दुप्पट कुंपण. २००२ च्या अभ्यासात नियम तंतोतंत पाळणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी वर्षभरात पाचांहून कमी जणींना दिवस राहिले, आणि एकूण वापरात बारा जणींना. मोजणीतून मिळू शकणारे चांगल्यात चांगले फळ हे एवढे आहे. त्यातही ज्यांचे चक्र या चौकटीबाहेर जाते त्यांना ही माळ मुळातच लागू नाही.

आता निरीक्षणाची पद्धत. तिच्यात मुख्य खुणा दोन. पहिली म्हणजे गर्भाशयमुखाचा स्राव. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग चिकट, घट्टसर ओलावा येतो. बीज सुटण्याच्या सुमारास तो पातळ, पारदर्शक, बुळबुळीत होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, आणि दोन बोटांत धरला तर न तुटता ताणला जातो. याच स्रावात शुक्रजंतू तगतात. ऑस्ट्रेलियातले जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज हे डॉक्टर दांपत्य १९५० च्या दशकापासून या खुणेवर काम करत होते. आपल्याकडे ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हटले की बाई घाबरते, आजार समजते, कमरेचे दुखणे त्याला चिकटवते. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण महिन्याच्या मध्याला चार दिवस येणारे स्वच्छ, ताणले जाणारे पाणी हे निरोगी शरीराचे लक्षण आहे, हे आपल्या मुलींना कुणी सांगतच नाही. दुसरी खूण तापमानाची. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि पहाटेचे, अंथरुणातून उठण्याआधीचे तापमान थोडे चढते, साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस. तापाचा नेहमीचा थर्मामीटर यासाठी पुरत नाही. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा लागतो.

समजा, एकीच्या वहीत सलग सहा पहाटेचे आकडे असे आहेत: ३६.३०, ३६.४०, ३६.३५, ३६.३०, ३६.४०, ३६.३५. सातव्या दिवशी ३६.५५. एका आकड्यावरून काही ठरवायचे नाही. रात्रीचे जागरण झाले तरी एवढा फरक पडतो. आठव्या दिवशी ३६.६०, नवव्या दिवशी ३६.६५. आता आधीच्या सहांपैकी सर्वांत मोठ्या आकड्याहून, म्हणजे ३६.४० हून, सलग तीन आकडे वर आहेत आणि तिसरा किमान ०.२ अंशाने वर आहे. त्याच सुमारास तिने स्रावाच्या रकान्यात ‘ताणला जाणारा’ ही नोंद शेवटची कधी केली ते पाहायचे, आणि त्यानंतर तीन दिवस उलटले आहेत ना याची खात्री करायची. दोन्ही अटी पूर्ण झाल्या की त्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाळी येईपर्यंतचा काळ मोकळा. बीज सुटून मरून गेलेले असते, पुढचे यायला अवकाश असतो. पाळीनंतरचा आणि स्राव सुरू होण्याआधीचा काळ मात्र इतका भरवशाचा नसतो, कारण तिथे पुढे काय होणार याचा अंदाजच असतो. ज्यांना जोखीम कमी ठेवायची आहे त्यांनी चक्राच्या या पहिल्या भागात निरोध वापरावा किंवा थांबावे. निरीक्षणाची ताकद सगळी इथे आहे: ही पद्धत घडून गेलेल्या गोष्टीचा पुरावा हातात आल्यावर परवानगी देते.

पुरावा किती भक्कम आहे? जागतिक आरोग्य संघटनेने केवळ स्रावाच्या खुणेवर पाच ठिकाणी अभ्यास केला: ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वादोरमधले सान मिगेल आणि आपले बंगळुरू. त्याचे निष्कर्ष १९८१ पासून प्रसिद्ध झाले. पहिल्याच चक्रानंतर ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना आपली खूण ओळखता आली, आणि यांत शिक्षण नसलेल्या स्त्रियाही होत्या. रामनगरमच्या बायकांवर ठेवलेल्या ठपक्याला हे पुरेसे उत्तर आहे. या अभ्यासाच्या आकड्यांची १९९० मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा दिसले ते मात्र विचार करायला लावणारे: नियम काटेकोर पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात तीन जणींना दिवस राहिले, आणि नियम मोडणाऱ्यांचे प्रमाण काढले तर ते ८६ टक्के आले. याचे कारण उघड आहे. गोळी एखाद्या दिवशी विसरली तरी शरीरात औषधाचा अंमल असतो. इथे नियम मोडायचा म्हणजे नेमक्या धोक्याच्या दिवशीच मोडायचा. स्राव आणि तापमान दोन्ही पाहणाऱ्यांचा सर्वांत मोठा अभ्यास जर्मनीत झाला. हायडेलबर्गच्या डॉक्टर पेट्रा फ्रांक-हेर्मान आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ९०० स्त्रियांच्या १७ हजारांहून अधिक चक्रांचा हिशेब मांडला. त्यात एकूण वापरात वर्षाला शंभरात दोनांहून कमी, आणि काटेकोर वापरात एकाहूनही कमी गर्भधारणा झाल्या. हा आकडा गोळीच्या तोडीचा आहे. पण या स्त्रिया स्वतःहून आलेल्या होत्या, त्यांना प्रशिक्षित शिक्षिकांनी शिकवले होते आणि त्यांचे नवरे तयार होते. सगळ्या प्रकारच्या नैसर्गिक पद्धती एकत्र धरल्या तर नेहमीच्या वापरातले अपयश शंभरात २ पासून २३ पर्यंत पसरते. निरोधाचे तेच सुमारे १३, गोळीचे ७, तांबीचे एकाहून कमी. म्हणजे ‘नैसर्गिक पद्धत चालते का?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठली, कुणी शिकवलेली, कुणाबरोबर पाळलेली, यावर सगळे ठरते.

यावर सरळ आक्षेप येतो: तांबी एवढी भरवशाची असताना हा खटाटोप कशाला? ज्या बाईला आता मूल नकोच आहे, शिक्षण पूर्ण करायचे आहे, आधीची दोन मुले आहेत किंवा गर्भारपण जिवावर बेतू शकते, तिला मी तांबी किंवा दुसरे पक्के साधनच सुचवीन, आढेवेढे न घेता. मूल होण्याआधीच्या वर्षात मात्र तोल बदलतो. इथे चुकले तर मूल ठरल्याच्या सहा महिने आधी येईल. अडचण होईल, आपत्ती येणार नाही. आणि बरोबर चालले तर हाती येते ते दुसऱ्या कुठल्याही साधनातून येत नाही. सहा-आठ चक्रांच्या नोंदीतून बाईला कळते की आपले बीज साधारण कधी सुटते, सुटते की नाही, त्यानंतर पाळीपर्यंत किती दिवस जातात. जे दिवस टाळायला शिकली तेच दिवस पुढे तिला हवे असतात. गरोदर राहिल्यावर सोनोग्राफीवाला ‘शेवटची पाळी कधी?’ विचारतो, तेव्हा बीज सुटण्याचा दिवसही तिच्याकडे लिहिलेला असतो. ज्यांचे चक्र ३५ दिवसांचे आहे त्यांच्या बाबतीत यामुळे तारखेचा आठवड्याचा घोळ वाचतो. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, पुष्कळ घरांत डॉक्टरकडे जाणेही झालेले नसते. फॉलिक अ‍ॅसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणूनच आधीपासून सुरू असावी लागते. ज्यांच्या आधीच्या बाळात हा दोष होता अशा स्त्रियांना मोठ्या मात्रेत फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर तो पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलने १९९१ मध्येच सिद्ध केले. निरीक्षणाची वही सुरू करणाऱ्या जोडप्याने त्याच दिवशी ही गोळीही सुरू करावी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि थॅलसेमियाची तपासणी करून घ्यावी. मग वही फसली तरी बाळाचे नुकसान होत नाही.

यातूनच पहिली अट निघते: आज दिवस राहिले तर चालेल का, हा प्रश्न दोघांनी स्वतःला खरेपणाने विचारायचा. रुबेलाची लस घेतली असेल तर पुढचा महिनाभर गर्भधारणा टाळायलाच हवी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन चालू असेल, अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, क्षयाचे उपचार चालू असतील, तर वहीवर विसंबणे हा बाळाच्या अंगाशी खेळ आहे. आधी औषध बदला, साखर आटोक्यात आणा, उपचार पूर्ण करा, तोवर पक्के साधन. दुसरी अट शिकण्याच्या काळाची. पहिली तीन चक्रे फक्त पाहायचे आणि लिहायचे, संबंध असतील तर निरोधासह. या तीन महिन्यांत घाई करणारी जोडपीच बहुधा फसतात आणि मग पद्धतीला नावे ठेवतात.

गोळ्यांच्या भीतीबद्दल इथे स्पष्ट बोलायला हवे. ‘पहिल्या मुलाआधी गोळ्या घेतल्या तर मूल होत नाही’ ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे, आणि पुष्कळ मुली केवळ तिच्यापायी नैसर्गिक पद्धतीकडे ढकलल्या जातात. हे खरे नाही. गोळ्या थांबवल्यावर बीज सुटणे बहुतेकींत एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होते, आणि वर्षभरात दिवस राहणाऱ्यांचे प्रमाण इतर स्त्रियांइतकेच असते. सरकारी कार्यक्रमातली ‘छाया’ ही गोळी पहिले तीन महिने आठवड्याला दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची, तीही थांबवली की परिणाम ओसरतो. ‘अंतरा’ इंजेक्शन तेवढे वेगळे: त्यानंतर पाळी आणि गर्भधारणा परत यायला सरासरी सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवे असेल तर ते घेऊ नये. निरीक्षणाची पद्धत निवडायचीच तर ती समजून, आवडून निवडावी. भीतीने निवडलेली पद्धत पहिल्या अवघड रात्रीच मोडते.

काहींना ही पद्धत जमणारच नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पीसीओएसमध्ये चक्र ४०-५० दिवसांपर्यंत लांबते, ताणला जाणारा स्राव चार वेळा येऊन जातो, दुकानातल्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्याही फसव्या रेषा दाखवतात, कारण त्या पट्ट्या जे संप्रेरक मोजतात ते आधीच वाढलेले असू शकते. बाळंतपणानंतर, विशेषतः अंगावर पाजताना, पहिले बीज पाळी येण्याआधीच सुटू शकते. हिंजवडीत परदेशी वेळेवर काम करणारी मुलगी, आठवडा दिवसपाळी आणि आठवडा रात्रपाळी करणारी नर्स, यांचे पहाटेचे तापमान कुठल्या पहाटेचे? त्यांना स्रावावर भर द्यावा लागतो किंवा मार्ग बदलावा लागतो. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. गौरी-गणपती, लग्नकार्य, देवदर्शन आले की पाळी पुढे ढकलण्याची गोळी सर्रास घेतली जाते. त्या गोळीतले संप्रेरक चक्र बदलते आणि तापमानही चढवू शकते. ते चक्र वहीतून बाद समजावे, पुढच्या चक्रालाही निरोध ठेवावा. अनपेक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या आपत्कालीन गोळीचेही तसेच.

सर्वांत अवघड आक्षेप डॉक्टरांचा नाही, बायकांचा आहे: पुन्हा सगळे काम बाईच्याच अंगावर. पहाटे थर्मामीटर तिने लावायचा, स्राव तिने पाहायचा, ‘आज नको’ असे तिनेच म्हणायचे, आणि एकत्र कुटुंबात उशाशी थर्मामीटर दिसला की ‘ताप आलाय का?’ या प्रश्नालाही तिनेच तोंड द्यायचे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यातून मी तिसरी अट काढतो, आणि ती बाकीच्यांहून मोठी आहे. ज्या घरात बाईचे ‘नाही’ चालत नाही, तिथे ही पद्धत वापरू नये. नवरा दारू पिऊन येतो, रागावतो, रुसतो, अबोला धरतो, ‘एक दिवसाने काय होतंय’ म्हणतो, तिथे तिला तांबीसारखे साधन हवे, जे कुणाच्या मर्जीवर चालत नाही. ८६ टक्क्यांचा तो आकडा बहुतेक अशाच रात्रींचा आहे. उलट, जिथे दोघांत समज आहे तिथे कामाची वाटणी करता येते. थर्मामीटर तिने लावावा, आकडा त्याने लिहावा, आलेख त्याने काढावा, आज कुठला दिवस आहे हे तिने सांगायच्या आधी त्याला माहीत असावे. नवऱ्याला बायकोचे चक्र समजणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. पुढे नऊ महिने तो दवाखान्याच्या बाकड्यावर बसणारच आहे.

वहीऐवजी फोन का नको, असे तरुण जोडपी विचारतात. फोनमधली बहुतेक अ‍ॅपे पाळीच्या तारखा घेऊन पुढचे हिरवे-लाल दिवस रंगवतात. म्हणजे ओगिनोंचीच मोजणी, फक्त पडद्यावर. तापमान घेऊन गणित करणारी अ‍ॅपे वेगळी. स्वीडनमधले ‘नॅचरल सायकल्स’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. सर्न या भौतिकशास्त्राच्या संस्थेत काम केलेल्या एलिना बर्गलुंड यांनी ते उभे केले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या एका रुग्णालयाने सांगितले की चार महिन्यांत गर्भपातासाठी आलेल्या ६६८ स्त्रियांपैकी ३७ जणी हे अ‍ॅप वापरत होत्या. स्वीडनच्या औषध नियामकाने चौकशी केली. दिवस राहिलेल्यांची संख्या कंपनीने आधीच सांगितलेल्या अपयशाच्या दरात, म्हणजे नेहमीच्या वापरात शंभरात सातच्या आसपास, बसते असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने मात्र ‘अत्यंत अचूक’ असा दावा करणारी त्याची जाहिरात थांबवली. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. अ‍ॅप दिलेल्या शब्दाला जागले होते, पण जाहिरातीने त्याहून मोठा शब्द दिला होता. शिवाय पाळी, संबंध, गर्भपात ही माहिती कुणाच्या हाती जाते याचाही विचार हवा. ‘फ्लो’ या अ‍ॅपने वापरणाऱ्यांची माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड केली होती. चौकोनी कागदाची वही कुणाला काही विकत नाही.

एक दिवस दोघे ठरवतात की आता थांबायचे नाही. वही तशीच चालू ठेवायची, अर्थ तेवढा उलटा लावायचा. ताणला जाणारा स्राव दिसला की ते दिवस, एक दिवसाआड. तापमान चढायची वाट पाहत बसले तर संधी गेलेली असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुलगा हवा म्हणून सम रात्री, मुलगी हवी म्हणून विषम रात्री, असल्या सल्ल्यांना वहीत जागा देऊ नये. विल्कॉक्स यांच्या १९९५ च्या अभ्यासात संबंधाच्या दिवसाचा आणि बाळ मुलगा की मुलगी याचा काहीही संबंध आढळला नाही. जर्मनीतच नोंदी ठेवून प्रयत्न करणाऱ्या ३४६ स्त्रियांच्या अभ्यासात तीन चक्रांत ६८ टक्क्यांना आणि सहा चक्रांत ८१ टक्क्यांना दिवस राहिले. म्हणून वही नीट असताना, नेमक्या दिवशी संबंध येऊनही सहा चक्रे रिकामी गेली, तर वर्षभर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवलेले बरे, आणि बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर तेवढेही थांबू नये. तापमान चढलेले दिसणे म्हणजे बीज सुटले असावे एवढेच. नळ्या मोकळ्या आहेत की नाही हे वही सांगत नाही. नवऱ्याच्या वीर्याबद्दल तर तिच्यात एक अक्षरही नसते. त्याची तपासणी स्वस्त आहे, अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यात सुई टोचावी लागत नाही. सासूबाई सुनेला घेऊन पुण्या-मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे निघण्याआधी ती झालेली असावी, आणि दवाखान्यात जाताना वहीची सहाही पाने बरोबर न्यावीत.